सीओपीआर हातात आणि सीमा अर्ध्याच उघड्या: बडोद्याहून कॅनडाला निघताना उलटं मोजायला शिका

आमच्या दांडिया बाजारच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याचं ऑगस्टचं पान मी अजून अधूनमधून उलटून बघते, कारण धाकट्या भावाचा सगळा प्रवास त्यावर पेन्सिलीने लिहिलेला आहे. कुठल्या चौकोनात सॅम्पल, कुठल्या चौकोनात रिपोर्ट, कुठे मालदीवमधल्या मालेचं विमान, कुठे फ्रँकफर्टचं. कोविडचे निर्बंध असताना, सीओपीआर म्हणजे कॅनडात कायम राहायची (पीआर) मंजुरी मिळाल्याचा कागद घेऊन भाऊ, भावजय आणि सहा वर्षांचा भाचा असे तिघं त्या पानाच्या आधाराने टोरांटोला पोचले. आता डिसेंबरात आम्हा दोघांचा नंबर आहे. नवरात्र झाल्यापासून ओळखीतल्या चार जणांनी फोन करून तेच तेच विचारलं, ताई नक्की कसं करायचं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते. हे सगळं ऑक्टोबर २०२१चं, कोविडच्या काळातलं आहे, खाली ‘आज’, ‘आता’ म्हटलंय ते तेव्हाचं; लस, टेस्ट, क्वारंटाइन आणि अराइव्हकॅनची सक्ती कॅनडाने २०२२ मध्ये उठवली. नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी आणि निघायच्या आदल्या दिवशी कॅनडा सरकारची साइट स्वतः उघडून वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर अजिबात जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. आपण सगळे आजपासून पुढे मोजतो, आज तिकीट, मग टेस्ट, मग बॅगा. इथे ते चालत नाही. कॅनडात उतरवणारं जे शेवटचं विमान आहे ते किती वाजता सुटतं तो आकडा कॅलेंडरवर आधी लिहायचा आणि तिथून मागे मागे यायचं. प्रत्येक कागदाला स्वतःची मुदत आहे, कुणाची तासांत, कुणाची दिवसांत, कुणाची वर्षात, आणि त्या सगळ्या मुदती एकाच दिवशी जिवंत असायला हव्यात. मी ज्यांची ज्यांची गोची झालेली बघितली त्यांच्याकडे कागद सगळे होते, त्यातल्या एकाची मुदत तेवढी गेलेली होती.

तर पहिली मुदत सीओपीआरची. त्यावर जी शेवटची तारीख छापलेली असते तिच्या आत कॅनडात उतरायचंच. ही तारीख बहुतेक वेळा मेडिकलवरून ठरते आणि मेडिकल १२ महिने चालतं. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर पासपोर्टची तारीख लागते. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा ज्यांचा सीओपीआर १८ मार्च किंवा त्याआधी मंजूर झाला होता त्यांना सूट होती, नंतरवाले वर्षभर कागद हातात घेऊन बसले, २१ जून २०२१ पासून कुठे व्हॅलिड सीओपीआरवाल्या सगळ्यांना दार उघडलं. या वर्षभरात बऱ्याच जणांची तारीख उलटून गेली. तुमची गेली असेल तर कुणी कितीही सांगो, एअरपोर्टवर बोलून बघू वगैरे करू नका. आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, वेबफॉर्मवरून कळवा, नवीन सीओपीआर येऊ द्या, मग तिकीट. आणि मधल्या काळात पासपोर्ट नवीन केला असेल किंवा बाळ झालं असेल, लग्न झालं असेल तर तेही उतरायच्या आधीच कळवायचं, लपवलेलं पुढे फार महागात पडतं.

आता नावं. हे आपल्या बडोद्याकडचं खास दुखणं आहे म्हणून जरा थांबून लिहिते. आपण घरात मराठी, पण कागद गुजरातचे. माझ्या भावजयीच्या आधारवर नावापुढे ‘बेन’ लागलेलं आहे, शाळेच्या दाखल्यावर नाही, पासपोर्टवर नाही. लस घेताना तिने आधार दाखवलं, झालं, कोविनच्या सर्टिफिकेटवर बेन आलं. कुणाच्या नावाला ‘भाई’ लागतं, जुन्या मंडळींच्या नावात ‘राव’ आणि ‘बाई’ असतं, कुणाचं लग्नानंतर मधलं नाव बदललेलं पण पासपोर्टवर अजून वडिलांचं. इथे कुणी त्याकडे बघतही नाही, पण तिकडे चेक-इन काउंटरवरचा माणूस पासपोर्ट आणि सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचतो, त्याला बेन म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही. कोविनवर लॉगिन करून ‘रेज अ‍ॅन इश्यू’मध्ये जा, तिथे नाव दुरुस्त करता येतं आणि पासपोर्ट नंबर जोडता येतो. ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा करता येत नाही, त्यामुळे घाईत मोबाइलवर टाइप करू नका, पासपोर्ट समोर उघडा ठेवून दुसऱ्या कुणालातरी मोठ्याने वाचायला सांगा. सप्टेंबरच्या शेवटी कोविनने परदेश प्रवासासाठी वेगळं सर्टिफिकेट सुरू केलं, त्यात पूर्ण जन्मतारीख येते, आधीच्यात नुसतं वय होतं. तेच डाउनलोड करा.

टेस्टच्या रिपोर्टचंही तसंच. थेट विमानं बंद होती म्हणून भाऊ आधी मालेला निघाला, तेव्हा मालदीवसाठी ९६ तासांच्या आतली आरटीपीसीआर लागत होती, ती बडोद्यातच केली. रिपोर्ट रात्री पीडीएफमध्ये आला, सगळे खूश, निगेटिव्ह. मी सवयीने पासपोर्ट नंबर ताडून पाहिला तर भाच्याच्या नंबरात ८ च्या जागी ३ पडलेला. फॉर्म हाताने भरला होता आणि भावाचा ८ वरून उघडा राहतो, लहानपणापासून तसाच. सकाळी लॅब उघडायच्या आधी जाऊन शटरपाशी उभी राहिले, त्यांनी पंधरा मिनिटांत नवा रिपोर्ट काढून दिला. पण हेच विमानतळावर लक्षात आलं असतं तर? म्हणून लॅबमध्ये फॉर्म स्वतः नीट मोठ्या अक्षरात भरा, पासपोर्टची झेरॉक्स जोडा, आणि रिपोर्ट आला की पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या आधी नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, सॅम्पल घेतल्याची तारीख आणि वेळ, टेस्टचा प्रकार, लॅबचं नाव आणि पत्ता हे वाचा. कॅनडासाठीच्या रिपोर्टवर पासपोर्ट नंबर आणि वेळ सोडून बाकीचं सगळं असावंच लागायचं, ही दोन्ही असली तर चांगलंच.

लसीचं थोडक्यात. २०२१ मध्ये कॅनडा कोविशील्ड मानत होतं, दोन डोस आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेले लागायचे. कोव्हॅक्सिन ऑक्टोबर २०२१ मध्ये मानत नव्हतं. म्हणजे कोव्हॅक्सिनवाल्यांना जाता यायचं, सीओपीआरवर जाणाऱ्यांना लस नसल्याने अडवत नव्हते, पण तिथे त्यांना लस न घेतलेल्यांत धरायचे. १४ दिवस क्वारंटाइन, उतरल्यावर टेस्ट, आठव्या दिवशी पुन्हा टेस्ट. हॉटेलातलं सक्तीचं तीन रात्रींचं प्रकरण ९ ऑगस्ट २०२१ला संपलं, त्यामुळे क्वारंटाइन भाड्याच्या घरात चालायचं, फक्त ते घर आधी ठरलेलं लागायचं आणि सामान दाराशी आणून देणारं कुणीतरी लागायचं. अजून एक, ३० ऑक्टोबर २०२१ पासून कॅनडातल्या आतल्या विमानांनाही लस लागणार होती, त्यामुळे कोव्हॅक्सिन घेऊन टोरांटोला उतरून पुढे कॅलगरी-एडमंटन करणाऱ्यांनी एअरलाइनला विचारल्याशिवाय पुढचं तिकीट काढणं बरं नव्हतं. आणि कोव्हॅक्सिनवर गुपचूप कोविशील्ड घ्यायचे सल्ले कुणी देत असेल तर कृपा करून ऐकू नका, तो डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे.

आता मुख्य, टेस्ट आणि रस्ता. २२ एप्रिल २०२१ला कॅनडाने भारतातून थेट विमानं बंद केली ती २६ सप्टेंबरपर्यंत बंदच होती, २७ पासून सुरू झाली. त्यानंतर २०२१ मध्ये थेट जाणाऱ्यांसाठी नियम असा होता की टेस्ट दिल्ली विमानतळावरच्या जेनेस्ट्रिंग्ज लॅबमध्येच करायची, आणि सॅम्पल विमानाच्या ठरलेल्या वेळेच्या आधी १८ तासांच्या आत दिलेलं हवं. बडोद्यातली टेस्ट, अहमदाबादची टेस्ट, कितीही चांगल्या लॅबची असो, थेट विमानाला चालत नव्हती. १८ तास ऐकायला भरपूर वाटतात पण मोजून बघा, विमान रात्री १२ ला असेल तर सकाळी ६ च्या आधी दिलेलं सॅम्पल बाद. बडोद्याहून रात्रीची राजधानी पकडली की सकाळी दिल्ली, आणि तेवढ्यावर बरेच जण त्याच दिवशीचं विमान धरतात. माझं स्पष्ट मत, असं करू नका. एक दिवस आधी पोचा, विमानतळाजवळ साधी खोली घ्या, झोपा, सकाळी जाऊन सॅम्पल द्या. गाडी लेट झाली की सगळा हिशोब कोसळतो आणि तीन हजारांची खोली वाचवायच्या नादात लाखाचं तिकीट जातं.

आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी बडोद्यात स्वतःसाठी एक साधी आरटीपीसीआर करून घ्या. ती कुठे दाखवायची नाही. पण पॉझिटिव्ह यायचंच असेल तर ते घरी कळलेलं बरं, चार बॅगा आणि लहान मूल घेऊन दिल्लीत कळण्यापेक्षा.

ज्यांना आधी कोविड होऊन गेलाय त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. बरं झाल्यावरही कितीतरी दिवस आरटीपीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यासाठी कॅनडाने तेव्हा सोय ठेवली होती, प्रवासाच्या आधी १४ ते १८० दिवसांतला जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवला तर निगेटिव्हच्या जागी चालायचा. थेट विमानासाठी तो भारतातल्या मान्य लॅबचा मॉलिक्युलर (आरटीपीसीआरसारख्या) टेस्टचा रिपोर्ट लागायचा, रॅपिडचा चालत नव्हता. आता आठवा, एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे काय हाल होते, सयाजी हॉस्पिटल आणि गोत्रीला जागा नव्हत्या, घराघरात कुणी ना कुणी पडलेलं होतं. त्या वेळचे रिपोर्ट लोकांनी फोनमधून उडवून टाकलेत, आठवण नको म्हणून. शोधा, लॅबला फोन करून पुन्हा मागा. पण मोजूनही बघा, २० एप्रिलच्या रिपोर्टचे १८० दिवस १७ ऑक्टोबरला भरतात. म्हणजे दुसऱ्या लाटेतले बरेचसे रिपोर्ट तेव्हाच संपत आले होते, त्या डिसेंबरात त्यांचा उपयोग नव्हता.

थेट विमानाची तारीख मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर तिसऱ्या देशातून जायचा रस्ता तेव्हा होता. उन्हाळ्यात लोक माले, कैरो, बेलग्रेड, दोहा, मेक्सिको सिटी असे कुठून कुठून गेले. तिथे नुसतं विमान बदलून भागत नव्हतं, टेस्ट भारताबाहेरच्या देशात झालेली लागायची, म्हणजे त्या देशात शिरायची परवानगी, त्यांचा व्हिसा, त्यांचे नियम हे सगळं वेगळं बघावं लागायचं, आणि पुढे युरोपातून जात असाल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही. भावाने माले निवडलं कारण तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो आणि १५ जुलैला त्यांनी आपल्यासाठी पुन्हा दार उघडलं होतं.

या रस्त्यावर नियम होता ७२ तासांचा. आणि इथेच सगळे चुकायचे. ७२ तास मोजायचे ते कॅनडात थेट उतरणाऱ्या शेवटच्या विमानाच्या सुटायच्या वेळेपर्यंत. मालेहून निघायच्या वेळेपर्यंत नाही. आणि सुरुवात सॅम्पल दिल्यापासून, रिपोर्ट आल्यापासून नाही. भावाने फोनवर सांगितलं, ताई, हॉटेलवाले सोमवारी दुपारी ४ ला सॅम्पल घेतायत, गुरुवारी दुपारी फ्रँकफर्टहून विमान आहे, म्हणजे तीन दिवसांत आलो, बरोब्बर. मी कालनिर्णयसमोर पेन्सिल घेऊन उभी. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, फ्रँकफर्ट उन्हाळ्यात मालेच्या तीन तास मागे. मालेचे दुपारचे ४ म्हणजे फ्रँकफर्टला दुपारचा १. म्हणजे ७२ तास भरणार गुरुवारी फ्रँकफर्टच्या घड्याळात दुपारी १ ला, आणि विमान होतं १ वाजून २० मिनिटांनी. वीस मिनिटांनी तिघांचे रिपोर्ट बाद! त्याने तिथल्या तिथे जाऊन सॅम्पल मंगळवारी सकाळवर ढकललं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, प्रत्येक वेळेखाली त्या त्या गावाचं नाव लिहा, आणि सॅम्पल ७२ च्या काठावर देऊच नका, ४८ ते ६० तासांत बसवा, म्हणजे विमान थोडं बदललं तरी जीव टांगणीला लागत नाही. पण अगदी विमानाच्या तोंडावरही नको, रिपोर्ट यायला वेळ लागतो.

तिकीट घेताना सगळी विमानं एकाच पीएनआरवर घ्या. स्वस्तात पडतं म्हणून तुकड्या-तुकड्याने घेतलेल्या तिकिटांत पहिलं विमान चुकलं की पुढच्या एअरलाइनचा काही संबंध राहत नाही. तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग असतं, तरी तेच घ्या. आपल्याकडे नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं २३ मार्च २०२० पासून तेव्हा बंदच होती, चालत होतं ते एअर बबलवर, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवलेल्या मोजक्या विमानांवर, त्यामुळे विमानं कमी आणि एकदा गेलेली सीट लवकर मिळत नव्हती.

अराइव्हकॅन अ‍ॅप. तेव्हा कॅनडात पोचायच्या आधी ७२ तासांत भरावंच लागायचं, फुकट होतं, पैसे मागणारं काही दिसलं तर ते खोटं. पासपोर्ट, लसीचं सर्टिफिकेट, प्रवास, आणि क्वारंटाइन कुठे करणार तो पत्ता. लस पूर्ण असली तरी पत्त्याचा प्लॅन भरावा लागायचा कारण शेवटचा निर्णय उतरल्यावर ऑफिसर घ्यायचा. दोन्ही डोसची माहिती वेगवेगळी भरा, दोन्ही वेळी तीच अंतिम पीडीएफ जोडली तरी चालते. झालं की पावती येते, तिचा स्क्रीनशॉट पण ठेवा आणि प्रिंट पण काढा. भावाचा फोन फ्रँकफर्टला दोन टक्क्यांवर होता, प्रिंटमुळे निभावलं.

लहान मुलांचं वेगळं होतं. ५ वर्षांखाली निघतानाची टेस्ट लागत नव्हती. १२ च्या आतल्या मुलांना आईबाबांची लस पूर्ण असेल तर क्वारंटाइन नव्हतं, पण पहिले १४ दिवस शाळेत, पाळणाघरात, गर्दीत न्यायचं नव्हतं, आणि ५ च्या पुढच्यांना उतरल्यावर आणि आठव्या दिवशी टेस्ट होती. भाच्याने आठव्या दिवशीचा स्वॅब कॅमेऱ्यासमोर स्वतः नाकात घातला, बडोद्यात सराव करून घेतला होता कानकाड्या घेऊन. घरी मुलांकडून हा सराव खरंच करून घ्या, विमानतळावरचं रडणं वाचतं.

हातातल्या पिशवीत काय काय ते सांगते, बॅगेत नाही, हातात. पासपोर्ट, सीओपीआर, लसीची आणि टेस्टची प्रिंट, पैशांचा पुरावा म्हणजे बँकेचं पत्र, जन्म आणि लग्नाचे दाखले. दाखले गुजरातीत असतील तर इंग्रजी भाषांतर सोबत. सामानाच्या दोन याद्या, एक बरोबर नेताय त्याची, दुसरी मागून येणाऱ्याची, ही दुसरी पहिल्या वेळी दिली नाही तर नंतर मागवलेल्या भांड्याकुंड्यांवरही कर लागू शकतो. मंगळसूत्र, पाटल्या, जे अंगावर आहे त्याचे फोटो आणि सोनाराकडून किमतीचा कागद, आणि पुढे परत आणायचे असतील तर निघताना आपल्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रोख असेल तर सांगावं लागतं, नेण्यावर बंदी नाही, न सांगणं चुकीचं. खाण्याचंही सगळं डिक्लेअर करा, मांडवीतला लिलो चिवडो सुद्धा. भावजयीने सगळं लिहिलं, ऑफिसरने वाचलं आणि जा म्हणाला, दोन मिनिटांत.

उतरल्यावर ऑफिसर सीओपीआरवर सही घेतो आणि पत्ता विचारतो. पीआर कार्ड टपालाने कॅनडातल्याच पत्त्यावर येतं, पत्ता नक्की नसेल तर नंतर १८० दिवसांच्या आत कळवता येतो, नाहीतर पुन्हा अर्ज आणि फी.

आणि आता ज्याच्यावर माझा जीव सगळ्यात जास्त अडकलाय ते. गेल्या गेल्या परत यायचा बेत करू नका. सीओपीआर एकदा उतरण्यापुरताच, तो दाखवून पुन्हा विमानात बसता येत नाही. कार्ड यायच्या आधी भारतात आलात तर परत जायला इथून पीआरटीडी, म्हणजे कार्ड नसलेल्या पीआरला प्रवासापुरता मिळणारा कागद, काढावा लागतो, त्याला वेळ लागतो आणि कोविडच्या दिवसांत जास्तच. तुम्ही पीआर आहात, देशात शिरायचा हक्क तुमचा आहे, पण एअरलाइन कार्ड किंवा पीआरटीडी बघितल्याशिवाय चढूच देत नाही. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहायचं गणित आहेच, पण ते निवांत जमतं, खरा प्रश्न पहिल्या काही महिन्यांचा. त्यामुळे आईवडिलांची ऑपरेशनं, तपासण्या, बँकेच्या सह्या, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, हे सगळं निघायच्या आधी उरकून घ्या. कार्ड आल्यावर यायचं झालं तर तेव्हा येताना आपल्याकडच्या एअर सुविधा पोर्टलवर फॉर्म आणि ७२ तासांतली निगेटिव्ह आरटीपीसीआर लागायची, आणि परत जाताना पुन्हा दिल्लीचे १८ तास.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. भावाला यायचं होतं, कार्ड अजून आलेलं नाही, रोज संध्याकाळी खाली जाऊन टपालपेटी बघतो आणि फोटो पाठवतो, रिकामीच. त्याला म्हटलं तू येऊ नकोस, ऑपरेशन मी आहे तोवर करून घेतो. कालनिर्णयच्या नोव्हेंबरच्या पानावर पेन्सिलीने आईचा चौकोन आधी काढलाय, आणि आमच्या सॅम्पलचा चौकोन त्याच्यापासून मोजून पुढे.